टाकीत पाणी किती, हे पाण्याचं वजनच सांगेल! मस्जिद, मदरसा आणि घरासाठी 'बुडणाऱ्या सेन्सर'ची सोपी ओळख

एप्रिल-मे महिन्यात भंडारा जिल्ह्यातल्या बहुतेक मस्जिदींमध्ये एक गोष्ट हमखास घडते. जुम्याच्या दिवशी सव्वा वाजता वजूखान्यात गर्दी होते आणि नेमकं तेव्हाच नळाची धार बारीक होत जाते. कुणीतरी मोटर सुरू करायला धावतो. मोटर सुरू होते, पण जमिनीखालचं टाकंच रिकामं असतं. दहा मिनिटं मोटर कोरडी फिरते आणि जळते. दुसऱ्या दिवशी रिवायंडिंगचा खर्च जमातीच्या चंद्यातून जातो.

याच्या उलटही होतं. रात्री इशानंतर मोटर लावून खादिम झोपी जातो आणि फजरपर्यंत वरच्या टाकीतून पाणी वाहत राहतं. एकीकडे वजूला पाणी नाही, दुसरीकडे नालीत पाणी. दोन्हींचं कारण एकच आहे. टाकीत किती पाणी आहे, हे वेळेवर कुणालाच माहीत नसतं.

यावर एक जुना आणि भरवशाचा उपाय आहे. कारखाने, धरणं, बोअरवेल आणि नगरपालिकांच्या टाक्यांमध्ये तो कित्येक वर्षांपासून वापरला जातो. त्याचं नाव पाण्यात बुडवायचा दाब सेन्सर, म्हणजे 'सबमर्सिबल प्रेशर सेन्सर'. आता तो काही हजार रुपयांत मिळतो, त्यामुळे मस्जिद कमिट्या, मदरसे, हॉस्टेल, मंगल कार्यालयं आणि राईस मिलवालेही त्याचा विचार करू शकतात. मात्र तो नीट समजून बसवला नाही तर पैसेही जातात आणि आकडाही खोटा येतो.

सेन्सर नेमकं काय मोजतो?

विहिरीत किंवा वैनगंगेच्या डोहात सूर मारणाऱ्याला अनुभव असतो. जितकं खोल जावं तितके कान दुखतात, कारण अंगावरच्या पाण्याचा दाब वाढत जातो. सेन्सर हाच दाब मोजतो.

बोटभर जाडीची, स्टीलची एक नळकांडी असते. तिच्या तोंडाशी स्टीलचा किंवा सिरॅमिकचा पातळ पडदा असतो. नळकांडी केबलला बांधून टाकीच्या तळाजवळ सोडली की वरच्या पाण्याचा दाब त्या पडद्यावर पडतो. पडदा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो आणि आतलं सर्किट त्या वाकण्याचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतं.

हिशेब सरळ आहे. १ मीटर उंच पाण्याचा दाब साधारण ९.८ किलोपास्कल भरतो. २ मीटर पाणी असेल तर १९.६ आणि ३ मीटर असेल तर २९.४. दाब कळला की उंची कळली.

यात एक गंमत आहे. टाकी गोल असो की चौकोनी, रुंद असो की अरुंद, दाब फक्त पाण्याच्या उंचीवर ठरतो. दोन मीटर उंचीच्या बारीक पाइपच्या तळाशी जितका दाब असतो, तितकाच दोन मीटर पाणी असलेल्या मोठ्या टाक्याच्या तळाशी असतो. म्हणून एकच सेन्सर कोणत्याही आकाराच्या टाकीत चालतो.

ही विद्या आपल्याला परकी नाही

पाण्याची पातळी यंत्राने सांभाळायची कल्पना खूप जुनी आहे आणि तिच्या इतिहासात मुस्लिम शास्त्रज्ञांची नावं ठळक आहेत. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा नावाने ओळखले जाणारे तीन भाऊ होते: मुहम्मद, अहमद आणि हसन. त्यांच्या 'किताब अल-हियल' या ग्रंथात तरंगत्या फुग्यावर चालणाऱ्या झडपा आहेत. आज आपल्या टाकीत पाणी भरलं की नळ बंद करणारा जो 'बॉल कॉक' असतो, तो याच जातीचा.

पुढे १२०६ मध्ये अल-जजरी यांनी आपला यंत्रांवरचा मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाण्याची घड्याळं आहेत, आणि बादशहाच्या वजूसाठी आपोआप पाणी ओतणारी यंत्रंसुद्धा आहेत.

आपल्या विषयाला सर्वात जवळचे आहेत मर्व शहरातले अल-खाजिनी. त्यांनी ११२१ मध्ये 'मीजान अल-हिकमा' हा ग्रंथ लिहिला. निरनिराळे धातू आणि द्रव यांची घनता, म्हणजे एकसारख्या मापात कोण किती जड, याचे तक्ते त्यात दिले आहेत. आजच्या सेन्सरचा आकडा खरा ठरवायलाही हीच घनता लागते. पाण्यासाठी सेट केलेला सेन्सर डिझेलमध्ये सोडला तर १०० सेंटिमीटर डिझेलला तो सुमारे ८३ सेंटिमीटर दाखवेल, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं. सेन्सरला फक्त वजन कळतं. वरचा द्रव कोणता आहे, हे आपण त्याला सांगावं लागतं.

केबलमधली बारीक नळी: सगळा भरवसा हिच्यावर

पाण्याच्या वर हवा आहे आणि तिलाही वजन आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब जवळपास १०.३ मीटर पाण्याइतका असतो. टाकीतल्या दोन मीटर पाण्यापेक्षा तो पाचपट! मग सेन्सर हवा आणि पाणी वेगळं कसं करतो?

त्यासाठी चांगल्या सेन्सरच्या केबलमध्ये विजेच्या तारांसोबत एक बारीक पोकळ नळी असते. तिचं एक टोक पडद्याच्या मागे उघडतं आणि दुसरं टाकीबाहेर हवेत. पडद्याच्या पुढून पाणी आणि हवा दोघांचा दाब येतो, मागून फक्त हवेचा. हवा हवेला कापते, उरतं ते निव्वळ पाणी.

बहुतेक चुका इथेच होतात. इलेक्ट्रिशियन तारा जोडतो आणि 'हे काय रिकामं भोक' म्हणून नळीच्या तोंडावर टेप गुंडाळतो. काही ठिकाणी केबल कमी पडली म्हणून साध्या वायरचा जोड दिला जातो आणि नळी मधेच बंद होते. सुरुवातीला आकडा बरोबर येतो, म्हणून कुणाला कळतही नाही. पण हवेचा दाब ऋतूप्रमाणे बदलतो. आपल्या विदर्भात हिवाळा आणि पावसाळा यांच्या दाबात १० हेक्टोपास्कलहून जास्त फरक पडतो आणि तो १० सेंटिमीटर पाण्याइतका आहे. ४ बाय ३ मीटरच्या टाक्यात ही चूक १,२०० लिटरची होते. पाणी तेवढंच राहतं, आकडा मात्र बदलतो.

म्हणून नळीचं तोंड उघडं, कोरडं आणि उंचावर ठेवा. केबल थेट एका छोट्या डब्यात, म्हणजे जंक्शन बॉक्समध्ये आणा. आत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवा आणि तिचा रंग बदलला की पुडी बदला.

आकड्यावरून लिटर कसे काढायचे?

बाजारात जास्त चालणारे सेन्सर दोन तारांचे असतात आणि ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल देतात. पाणी शून्य असेल तर ४, सेन्सरच्या पूर्ण मापाइतकं असेल तर २०. शून्याला ४ का? कारण तार तुटली तर सिग्नल खरोखर शून्य होतो आणि कंट्रोलरला लगेच कळतं की टाकी रिकामी नाही, बिघाड झाला आहे.

एक उदाहरण घेऊ. मस्जिदीचं जमिनीखालचं टाकं ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल आहे. सेन्सर ० ते ३ मीटर मापाचा आहे आणि तळापासून ५ सेंटिमीटर वर टांगला आहे. मीटरवर १०.४ मिलिअँपिअर दिसतात.

१०.४ मधून ४ वजा केले, उरले ६.४. त्याला १६ ने भागलं तर ०.४. ते ३ मीटरने गुणलं तर १.२ मीटर. त्यात खालचे ५ सेंटिमीटर मिळवले की पाण्याची उंची १.२५ मीटर. आता ४ गुणिले ३ गुणिले १.२५, म्हणजे १५ घनमीटर. टाक्यात १५,००० लिटर पाणी आहे. कंट्रोलर हा हिशेब स्वतःच करतो, पण कमिटीतल्या एखाद्या माणसाला तो हाताने करता आला पाहिजे. नाहीतर बसवणारा जो आकडा दाखवेल तो खरा मानावा लागतो.

या टाक्यात १ सेंटिमीटर म्हणजे १२० लिटर. जुम्याला ४०० नमाजी आले आणि प्रत्येकाने वजूला ३ लिटर पाणी वापरलं असं धरलं, तर १,२०० लिटर लागतील आणि पातळी १० सेंटिमीटरने उतरेल. म्हणजे गुरुवारी रात्रीच सांगता येतं की उद्या पाणी पुरेल की टँकर बोलवावा लागेल.

आडवी गोल टाकी असेल तर जपून. तिच्यात पाव उंचीपर्यंत पाणी असेल तर पाव टाकी भरलेली नसते, सुमारे २० टक्केच भरलेली असते. अशा टाकीचा आकार कंट्रोलरमध्ये वेगळा भरावा लागतो.

कुणाला घ्यावा, कुणाला गरज नाही?

घराच्या छपरावरच्या ५०० किंवा १,००० लिटरच्या प्लास्टिक टाकीला हा सेन्सर लावायची गरज नाही. तिथे साधा फ्लोट स्विच किंवा बॉल कॉक पुरतो. मस्जिदीच्या उघड्या हौजात पाणी डोळ्यांनी दिसतं, भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवल्या तरी काम भागतं.

सेन्सरचा खरा फायदा मोठं टाकं, उंचावरची टाकी, बोअरवेल आणि मदरशाच्या हॉस्टेलसारख्या ठिकाणी आहे. तिथे 'भरलं की नाही' एवढं पुरत नाही, 'किती उरलं' हे कळावं लागतं.

माप निवडताना 'मोठं घेऊ, कधीतरी कामी येईल' असा विचार करू नका. सेन्सरची चूक त्याच्या पूर्ण मापाच्या टक्क्यांत असते. अर्धा टक्का चूक असलेला ३ मीटरचा सेन्सर दीड सेंटिमीटर इकडे-तिकडे होईल, पण तेवढ्याच टक्क्याचा १० मीटरचा सेन्सर ५ सेंटिमीटर हुकेल. टाकीच्या खोलीपेक्षा थोडंच जास्त माप घ्या. सेन्सर आयपी ६८ दर्जाचा असावा आणि पिण्याच्या पाण्यात सोडायची केबल पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेली असावी, याची दुकानदाराकडून लेखी खात्री घ्या.

काही बुजुर्ग विचारतात की वजूच्या पाण्यात यंत्र सोडलं तर चालेल का? सेन्सर स्वच्छ स्टीलचा असतो. तो पाण्यात काही सोडत नाही आणि पाण्याचा रंग, वास, चव बदलत नाही. तरी मनात शंका असेल तर बसवण्याआधी आपल्या इमाम साहेबांशी बोलून घ्या.

बसवताना या गोष्टी सांभाळा

सेन्सर तळाला टेकवू नका. खाली गाळ बसतो आणि पडदा बुजतो. ५ ते १० सेंटिमीटर वर टांगा आणि ते अंतर हिशेबात मिळवा.

पाणी पडतं तिथे किंवा मोटरच्या तोंडाजवळ सेन्सर सोडू नका, आकडा नाचत राहील. दूरच्या कोपऱ्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करून त्यात सोडा.

पडद्याला बोट, सुई, तारेचा ब्रश लावू नका. गाळ चढला तर पाण्यात धरून मऊ ब्रशने हलकेच पुसा.

मृगाच्या आधी आपल्याकडे विजा जोरात कडाडतात. उंचावरच्या टाकीपासून लांब केबल आली असेल तर सर्ज प्रोटेक्टर आणि चांगलं अर्थिंग हवंच.

कंट्रोलरला दोन हद्दी द्या: वरची टाकी भरली की मोटर बंद, आणि खालचं पाणी ठरावीक पातळीच्या खाली गेलं की मोटर सुरूच होऊ नये. मोटर जळण्यापासून वाचते ती या दुसऱ्या हद्दीमुळे. दोन्ही टाक्यांत सेन्सर परवडत नसेल तर खालच्या टाक्यात सेन्सर आणि वर फ्लोट स्विच लावा. सेन्सर असला तरी जुना फ्लोट स्विच काढून टाकू नका, यंत्र बंद पडलं तर तोच आधार.

दर सहा महिन्यांनी तपासणी करा. सेन्सर पाण्याबाहेर काढला की आकडा शून्य यायला हवा. मग पाण्यात बरोबर १ मीटर बुडवा, १ मीटर दिसायला हवा. पट्टीने मोजलेली उंची आणि मीटरवरची उंची वहीत शेजारी शेजारी लिहा.

टाक्यात उतरून काही करायची वेळ आणू नका. बंद टाक्यात हवा खराब असू शकते आणि माणूस जागीच बेशुद्ध पडू शकतो. सेन्सर केबलने वर ओढता येतो, हाही त्याचा एक फायदा.

सेन्सरला काय कळत नाही?

ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर भंडारेकरांना आठवत असेल. शहराच्या सखल वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं होतं. अशा वेळी जमिनीखालच्या टाक्यात पुराचं पाणी शिरलं तर सेन्सर आनंदाने 'टाकी फुल्ल' दाखवेल. पाणी स्वच्छ आहे की घाण, हे त्याला कळत नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, हे आपल्या जिल्ह्याचं जुनं दुखणं आहे. त्यावर पातळीचा सेन्सर काही सांगणार नाही. क्लोरीनची आणि पाण्याची तपासणी वेगळीच करावी लागेल. पुराची भीती असलेल्या वस्तीत जंक्शन बॉक्स पुराच्या खुणेच्या वर लावा. नळीत पाणी शिरलं की सेन्सर गेलाच समजा.

गरम पाणीही त्याला फसवतं. उकडा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये ८० अंशांचं पाणी थंड पाण्यापेक्षा साधारण ३ टक्के हलकं असतं, आकडा तितका कमी येतो. शिवाय साधे सेन्सर इतक्या तापमानासाठी बनवलेले नसतात. डिझेल-पेट्रोलच्या टाकीत तर साधा सेन्सर चुकूनही सोडू नका. तिथे ज्वलनशील द्रवासाठी मान्यता असलेलीच उपकरणं लागतात. हवाबंद, दाबाखालच्या टाकीतही हा सेन्सर चुकतो, कारण पाण्यासोबत आत कोंडलेल्या हवेचा दाबही तो मोजतो.

गावच्या योजनांमध्येही हेच तंत्र

तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याची ओळख आहे. माजी मालगुजारी तलावांच्या पाळीवर उभं राहून 'यंदा धानाला पाणी पुरेल की नाही' हे सांगणारे जाणकार गावोगावी आहेत. पण जमिनीखालचं पाणी डोळ्यांना दिसत नाही. पूर्वी निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा माणसं जाऊन मोजत. आता देशात अनेक ठिकाणी अशा विहिरींत आपोआप नोंद करणारी यंत्रं बसवली आहेत. त्यांच्या पोटातही पाण्यात बुडवलेला दाब सेन्सरच असतो.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचं आहे. योजनेतलं पाणी खरंच पोहोचतं का, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या काही गावांत पाण्याचा प्रवाह, दाब, भूजल पातळी आणि क्लोरीन मोजणारे सेन्सर प्रायोगिक तत्त्वावर लावले गेले. आपल्या गावच्या टाकीवर असं यंत्र असेल तर त्याचा आकडा ग्रामसभेत मागायचा आपल्याला हक्क आहे. 'पाणी सोडलं होतं' आणि 'पाणी आलंच नाही' या रोजच्या वादात टाकीच्या पातळीची नोंद साक्षीदार होऊ शकते.

अमानतीचा हिशेब

या सेन्सरचा सर्वात मोठा फायदा कमिट्या अनेकदा वापरतच नाहीत. तो म्हणजे रात्रीचा आकडा. इशानंतर वजूखाना बंद झाला की पातळी लिहा आणि फजरच्या आधी पुन्हा लिहा. मधे कुणी पाणी वापरलं नाही, मोटर लावली नाही, तरी पातळी ३ सेंटिमीटर उतरली असेल तर वरच्या उदाहरणातल्या टाक्यातून एका रात्रीत ३६० लिटर पाणी गेलं. महिन्याला १०,८०० लिटर! टाक्याला भेग आहे, पाइप गळतोय किंवा वॉल्व्ह बसत नाही. हे एरवी कधीच कळलं नसतं.

हदीसमध्ये येतं की हुजूर (स.अ.) एका मुद पाण्यात वजू करत. उलेमांच्या वेगवेगळ्या हिशेबांनुसार आजच्या मापात ते पाऊण ते एक लिटरच्या आसपास भरतं. आपल्या मस्जिदीत एका वजूला किती पाणी जातं? जुम्याआधीची आणि नंतरची पातळी पाहा, लिटर काढा, नमाजींच्या संख्येने भागा. जो आकडा येईल तो नोटीस बोर्डवर लावा. इसराफवरच्या तकरीरीला तो आकडा चांगली साथ देईल.

मस्जिदीची मोटर, वीजबिल आणि टँकर, सगळं जमातीच्या पैशातून येतं. तो पैसा मुतवल्ली आणि कमिटीकडे अमानत असतो. पाण्याचंही तसंच आहे, आणि ती अमानत मोजायचं साधन आता आपल्या आवाक्यात आहे. पुढच्या कमिटीच्या बैठकीत तीनच गोष्टी करा: टाक्याची लांबी-रुंदी-खोली मोजून वहीत लिहा, मागच्या दोन वर्षांत मोटरच्या दुरुस्तीवर आणि टँकरवर किती खर्च झाला ते काढा आणि मग सेन्सरचं कोटेशन मागवा. पटलं तर रमजानच्या आधी बसवून घ्या. तरावीहच्या गर्दीत नळ कोरडा पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.